दाढीवाला

“बोटं लावू नका,” नाणेवाला म्हणाला, आणि तिचा पुढे गेलेला हात टेबलावर तसाच अधांतरी राहिला. तो काही रागावून बोलला नव्हता. आवाज मऊच होता, आजारी मुलाला सांगावं तसा. पण तिला कुणीतरी हातावर फटका मारल्यासारखं झालं. गंमत अशी, की ती स्वतः चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि हेच वाक्य दिवसभर गिऱ्हाइकांना ऐकवायची: काचेला बोटं लावू नका, काड्यांना धरा. लोक मुकाट्यानं हात मागे घ्यायचे आणि ती तोंडभर हसून पुढच्याला हाक मारायची. आज पहिल्यांदा कळलं, की हात मागे घेताना माणसाला तो फार मोठा, फार मळका आणि जरासा परक्याचाच वाटतो. तिनं तो मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर पर्स ठेवली, म्हणजे पुन्हा उठून जायला नको. समोर दिव्याखाली, मखमलीच्या तबकात सोन्याची सात नाणी होती. ती तिच्या बाबांची. बाबा गेल्यावर आईनं ती तिच्या आणि दादाच्या हवाली केली होती, आणि आता ती तज्ज्ञांकडे तपासायला पाठवायच्या लायकीची आहेत की नाहीत, हे विचारायला ती इथं आली होती. बोटं लावू नका म्हणे! या नाण्यांशी तिची ओळख झाली तीच मुळी बोटांनी. डोळ्यांनी तिनं ती जन्मात मोजक्याच वेळा पाहिली होती.

कारण नाणी राहायची कोटात. बाबा कोट शिवायचे. चांगल्या कोटाच्या खालच्या घेरात, पट्टीच्या आत, छोटी वजनं शिवतात, म्हणजे कोट सरळ पडतो, वाऱ्यानं उडत नाही. गिऱ्हाइकांच्या कोटात बाबा शिशाच्या चकत्या घालायचे आणि स्वतःच्या कोटात आजोबांकडून वाट्याला आलेली नाणी. “चोर खिसा कापतो,” ते म्हणायचे, “घेर कोण कापणार?” आई कपाळाला हात लावायची. दर थोड्या वर्षांनी अस्तर विटलं की बाबा ते उसवायचे, नाणी कापायच्या टेबलावर खडूच्या भुकटीत मांडायचे, आणि तेवढा वेळ दोघा मुलांना ती बघायला मिळायची. सहांवर एकाच बाईचा चेहरा, केस घट्ट बांधलेली, नाक वर केलेली. त्या सहा बाया. सातव्यावर एक म्हातारा, त्याला छातीपर्यंत दाढी. तो दाढीवाला. तो सगळ्यांत जुना आणि दोघांचाही लाडका. मग नवं अस्तर लागायचं आणि सगळी मंडळी पुन्हा अंधारात जायची. शनिवारी बाबा तयार कपडे घरोघर पोचवायला निघत. एका हातात गठ्ठा, दुसरा हात कायम खिशात. मग मुलांनी धरायचं काय? कोट. ती डावा कोपरा धरायची, दादा उजवा. गर्दीत तिच्या डोळ्यांसमोर नुसता तो करडा, लोकरीचा, इस्त्रीच्या वाफेचा वास येणारा पडदा असायचा, आणि मुठीत, दोन कापडांच्या मध्ये, एक टणक गोल काहीतरी. तिचा अंगठा त्याच्यावर फिरत राहायचा. घर येईपर्यंत फिरायचा. कुणी विचारलं असतं, की बाबांचा हात कसा होता, तर तिला सांगता आलं नसतं. कोट मात्र तिनं अजूनही डोळे मिटून ओळखला असता.

नाणेवाल्यानं भिंग डोळ्याला लावलं, एकेक नाणं कडेनं उचलून दिव्यात फिरवलं, आणि बराच वेळ तो अधूनमधून घशातल्या घशात हुंकारत राहिला. तिला आपल्या दुकानातली माणसं आठवली. ती त्यांच्या डोळ्यांत दिवा धरते तेव्हा ती अशीच गप्प बसतात आणि निकालाची वाट बघतात. “ह्या बाया ठीक आहेत,” तो शेवटी म्हणाला. तिनं सांगितलेली नावं त्यानं बिनतक्रार स्वीकारली होती, एवढ्यावरूनच तिला तो आवडला. “पण अशा पुष्कळ निघाल्या होत्या, आजही पुष्कळ आहेत. ह्यांना परीक्षेला बसवू नका. सोन्याच्या भावात जे येईल ते येईल, तपासणीची फी मात्र उगाच अंगावर पडेल. हा दाढीवाला वेगळा. ह्या सालातली फार थोडी उरली आहेत.” मग त्यानं समजावून सांगितलं. लांबच्या एका शहरात तज्ज्ञ बसतात, ते नाणं भिंगाखाली घालतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. डबीवर आकडा असतो. मग कुणी वाद घालत नाही.

“डबी उघडता येते?” तिनं विचारलं.

“फोडावी लागते. आणि फोडली की मार्क गेले.”

“पण मला एक समजत नाही,” तो पुढे म्हणाला आणि दाढीवाला तिच्यासमोर धरला. “मागची बाजू बघा. टाकसाळीतून आज सकाळी आल्यासारखी. आणि पुढं? दाढीचे केस गेलेत, गाल सपाट झालाय. खिशातलं नाणं दोन्हीकडून झिजतं. हे एकाच बाजूनं झिजलंय, तेही कापडानं, अगदी हळूहळू. कुणीतरी वर्षानुवर्षं वरून अंगठा फिरवत बसावं तसं.” तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “एक तर चांगला आकडा मिळेल, नाहीतर ‘घासलेलं’ असा शेरा मारून बिनमार्कांचं परत येईल. काठावरचं प्रकरण आहे. माझं पार्सल आज संध्याकाळी निघतं. ह्याला बसवू का गाडीत, तेवढं दुकान बंद व्हायच्या आत सांगा.” तिनं मान डोलावली, नाणी त्याच्याकडेच ठेवली आणि बाहेर आली. लाज वाटायला हवी होती. एवढं दुर्मिळ नाणं, आणि तिच्या अंगठ्यानं त्याचं वाटोळं केलं. पण फुटपाथवरून चालताना तिला आतून उकळ्या फुटत होत्या. म्हणजे ते खरं होतं. तो कोट, ती गर्दी, तो अंगठा, हे सगळं कुठंतरी नोंदलं गेलं होतं, आणि एका तिऱ्हाइतानं भिंगातून ते वाचून दाखवलं होतं.

तिच्या चष्म्याच्या दुकानात, अंधाऱ्या खोलीत, गिऱ्हाईक म्हणून आलेले एक आजोबा भिंतीवरची अक्षरं वाचत होते आणि ती काचा बदलत होती. हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं? आजोबा म्हणाले, दोन्ही सारखंच. ती म्हणाली, घाई नको. घाई नको म्हणायला तिचं काय जात होतं? संध्याकाळपर्यंत दादाला सांगायचं होतं आणि दादाचं उत्तर तिला ठाऊक होतं. दादा गणिताचा मास्तर. ज्याला मार्क नाहीत ती गोष्ट त्याच्या लेखी जगात अजून जन्मायची असते. लग्नासाठी मुली बघताना त्यानं म्हणे मनातल्या मनात तक्ता केला होता आणि वहिनीला त्यात सगळ्यांत कमी गुण पडले होते. म्हणून आई अजून त्याची थट्टा करते. पण नाणी तपासून घ्यायचा त्याचा हट्ट तक्त्यातून आलेला नव्हता. त्यांचं घर नाण्यांवरूनच एकदा दुभंगलं होतं. बाबांना एक थोरला भाऊ, काका. आजोबांच्या माघारी वाटण्या झाल्या, कुठलं नाणं कुणाला यावरून शब्दाला शब्द लागला, आणि एका ताटात जेवलेले दोघे भाऊ त्यानंतर बाबा जाईपर्यंत बोलले नाहीत. बाबा गेले तेव्हा काका आले होते. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, टोपी हातात घेऊन, आणि कुणी ‘या’ म्हणायच्या आत वळून गेले. त्या रात्री दादा तिला म्हणाला होता, “ठमे, आपलं असं व्हायचं नाही. तिसऱ्यानं आकडा लावायचा, आणि तू घे म्हणशील ते मी घेणार.” लहानपणापासून तो तिला ठमी म्हणायचा. एवढा मोठा माणूस आणि भीती लहान मुलाएवढी, की आपली बहीण एक दिवस आपल्याशी बोलायची थांबेल. त्याच्यावर रागावणार कसं? आणि रागावायचं नाही, तर तो दाढीवाला काचेआड जाऊ द्यायचा. शाळेच्या मधल्या सुट्टीच्या सुमारास तिनं त्याला फोन लावला.

“सत्तरपैकी?” दादा म्हणाला. “शंभरपैकी का नाही?”

“मला काय माहीत? त्यांची पद्धत.”

“विचित्र आहे. बरं, पाठव.”

“दादा, ऐक ना. त्याची दाढी गेलीय. नाणेवाला म्हणतो, कुणीतरी अंगठ्यानं झिजवलीय, कापडावरून.” ती थांबली. “ती मी झिजवलीय.”

पलीकडे शाळेच्या मैदानातला कालवा ऐकू येत होता. “तू?” दादा म्हणाला. “काहीतरीच. दाढीवाला माझ्या कोपऱ्यात होता.”

“तुझ्या कोपऱ्यात बाई होती! तू कोट धरायचास तरी का? तू दगडांना लाथा मारत चालायचास.”

“एका हातानं धरून लाथा मारायचो. मला त्याची दाढी लागायची बोटाला, खरखरीत. मी मोजायचो केस.”

“अस्तरावरून? केस? मास्तर, थापा मारू नका.”

“ठमे, मी तुझ्याहून मोठा आहे, मला जास्त आठवतं.”

“मोठा आहेस म्हणून तुझा अंगठा मोठा झाला, शहाणपणा नाही.” आणि दोघांची अशी जुंपली, की बाहेर काउंटरवर बसणाऱ्या मुलीनं पडदा बाजूला करून आत डोकावून पाहिलं. दोन पिकल्या केसांची माणसं, सोन्याचं नाणं कुणी खराब केलं यावरून भांडत होती, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की मी केलं. “बघ,” दादा एकाएकी वेगळ्याच आवाजात म्हणाला. “लागलो की नाही? ते दोघंही असेच हसत हसत लागले असतील.” तिचं हसू ओठांवरच सुकलं. तिला वाटलं, द्यावं पाठवून. एका नाण्याचं काय एवढं? माणूस महत्त्वाचा. अंगठा तर आपल्याजवळच आहे, तो कोण डबीत घालणार आहे? “आईला विचार,” दादा म्हणाला. “कोट तिनंच उसवलाय. ती सांगेल कुठल्या कोपऱ्यात कोण होतं. तुझा असेल तर तू ठरव, माझा असेल तर मी म्हणेन पाठव. चालेल?”

आई तिच्याकडेच राहायची. जेवायच्या सुट्टीत ती घरी गेली, तेव्हा आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती आणि चष्म्याला शिव्या देत होती. घरात चष्मेवाली असून आईचा नंबर वर्षभर चुकलेला, कारण आई तपासूच द्यायची नाही. तिनं दोरा ओवून दिला आणि सगळं सांगितलं: नाणेवाला, मार्क, डबी, अंगठा, दादाचा कोपरा, तिचा कोपरा. आईनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “कसला कोपरा?” ती म्हणाली. “दाढीवाला घेरात कधी होता? घेरात बाया. दाढीवाला खिशात.”

“खिशात?”

“उजव्या खिशाच्या अस्तराखाली. एकटा. वेगळ्या तुकड्यात टाचलेला. मीच उसवलाय ना? तुमचे हात पोचणार होते तिथं? तुम्ही दोघं मागं लोंबायचात माकडांसारखी.”

“मग तिथं कुणाचा हात...” असं ती म्हणायला लागली आणि थांबली, कारण उत्तर तिच्या डोळ्यांसमोर चालत होतं. एका हातात गठ्ठा, दुसरा हात खिशात. कायम खिशात. उन्हाळ्यातही खिशात. तिनं जन्मभर तो हात बाबांच्या रुबाबाचा भाग समजला होता.

आई सुई चालवत बोलत होती, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज. काकांना लहानपणापासून दाढीवाला हवा होता. आजोबा दुपारी झोपले की ते तो काढून बसायचे. वाटणीच्या दिवशी थोरल्यानं म्हटलं, धाकट्यानं आधी उचलावं. आणि बाबांनी, सगळ्या जगाची टिंगल करणाऱ्या बाबांनी, भावाच्या डोळ्यांत बघत बघत नेमका दाढीवाला उचलला. थट्टा केली. दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचाच होता. पण काकांचा चेहरा उतरला, मग ते काहीतरी लागट बोलले, मग बाबा बोलले, आणि मस्करीची कुस्करी झाली. दुसऱ्या दिवशी काकांनी दार उघडलं नाही. “मग ह्यांनी तो खिशात शिवला. म्हणायचे, वाटेत भेटला तर लगेच देता यायला हवा. काकांचं कुलपांचं दुकान, तुम्ही रोज तिथूनच तर जायचात.”

“रोज नाही, शनिवारी,” ती म्हणाली. कुलपांचं दुकान तिला चांगलं आठवत होतं. काचेत ओळीनं टांगलेली कुलपं, नखाएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंत. बाबा तिथं थांबायचे. “बघा, किती कुलपं,” म्हणायचे. मुलं बघायची. तिला वाटायचं, आपले पाय दुखतात म्हणून बाबा थांबतात, आणि त्यासाठी तिला बाबांविषयी फार प्रेम वाटायचं. पुष्कळ वर्षांनी ते दुकान काकांचं म्हणून कळलं, तरी हे थांबणं आणि ते दुकान तिच्या मनात कधी शेजारी आलं नाही. आत दिवा असायचा, कुणीतरी खाली मान घालून कानस चालवत असायचं. बाबा किती वेळ उभे राहत? लहानपणचा वेळ कुणाला मोजता येतो? तिचा अंगठा बाईवर फिरत असायचा, दादाचा त्याच्या बाईवर, आणि वर, त्यांच्या डोक्यांच्या वर, तिसरा अंगठा फिरत असायचा. तिला तो आता आपल्या हातात जाणवला. कशानंही न हरणारा, घरमालकालाही हसवून परत पाठवणारा आपला बाप एका दारात शिरायला घाबरत होता. दर शनिवारी घाबरत होता, आणि आपण त्याच्या कोटाला धरून कुलपं बघत होतो. त्या क्षणी तिला बाबा जितके आवडले, तितके ते जिवंत असतानाही आवडले नव्हते.

“आई, तू आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?” आई म्हणाली आणि दातानं दोरा तोडला. मग बाहेर बघत म्हणाली, “मलाही राग होता गं काकांचा. ते उंबऱ्यापर्यंत आले, तर मीच ‘या’ म्हणायला उशीर केला.”

तिनं दादाला पुन्हा फोन केला. ह्या खेपेला तो एकदाही मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, “म्हणजे तो तुझा नाही आणि माझाही नाही.” गणित सुटल्यावर म्हणतो त्याच सुरात. पण नाक ओढलं. “शाळा सुटली की येतो. एकटी जाऊ नकोस.” संध्याकाळी दोघं नाणेवाल्याकडे गेली, तेव्हा पार्सलावर चिकटपट्टी लागायची बाकी होती. “विचार बदलला?” त्यानं विचारलं. ती म्हणाली, “नाणं दुसऱ्याचं निघालं.” त्याला ह्या धंद्यात ह्याहून विचित्र गोष्टी ऐकायची सवय असावी. त्यानं पुडी सोडून दाढीवाला पुढे केला आणि दादानं तो सरळ चिमटीत घेऊन मुठीत दाबला, तेव्हा नाणेवाल्या बिचाऱ्यानं डोळे मिटून घेतले. बायांना आणखी थोडे दिवस त्याच्याकडेच राहू दे, असं सांगून दोघं निघाली. वाटेत दादाच्या मनात काय चाललंय ते तिला चेहऱ्यावरून कळत होतं, कारण तिच्याही मनात तेच होतं. काकांनी आजही दार उघडलं नाही तर? किंवा उघडून म्हणाले, इतक्या वर्षांनी भीक घालायला आलात? आणि त्यांना वाटलं, की पोरं आता माझ्या कुलपांवर डोळा ठेवून आली आहेत, तर? बाबांना जे तोंडावर ऐकायची भीती होती, ते आता आपल्याला ऐकावं लागणार. दुकानाच्या दाराशी आल्यावर तिचे पाय आपोआप थांबले. काचेत कुलपं तशीच होती, फक्त तिच्या कमरेच्या उंचीला आली होती. दादानंही पाऊल उचललं नाही. दोघं तिथं तशीच उभी, आणि मग तिनं, आपण काय करतोय ते लक्षात येऊन, दादाच्या पाठीला हात लावून त्याला आत ढकललं.

काका दिव्याजवळ स्टुलावर बसले होते. आता कानस चालवत नव्हते, नुसते बसले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा तिला आधी दिसले ते डोळे. दोन्हींत मोतीबिंदू पिकलेला, आठ दिवसांत काढायला हवा. मग बाकीचा चेहरा दिसला आणि तिला धस्स झालं, कारण हनुवटी बाबांची होती. “कोण?” काकांनी विचारलं. दादानं आपलं नाव नाही सांगितलं, बाबांचं सांगितलं. आम्ही त्यांची मुलं, म्हणाला. काका बसा म्हणाले नाहीत, चालते व्हाही म्हणाले नाहीत. शेवटी दादानं पुढे होऊन काकांचा हात उघडला आणि दाढीवाला तळव्यावर ठेवला. “बाबांना हा तुम्हाला द्यायचा होता.”

काकांनी नाणं डोळ्यांशी नेलं नाही. अंगठ्याच्या नखानं त्याचा चेहरा चाचपला, सराईतपणे, कुलपाची कळ चाचपावी तसा. एकदा, पुन्हा एकदा. आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “हा तो नव्हे,” ते म्हणाले. “त्याच्या दाढीत माझं नख अडकायचं. हा गुळगुळीत आहे. कुणी केली ह्याची दाढी?”

दादानं तिच्याकडे पाहिलं. “बाबांनी,” ती म्हणाली, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार सोपं होतं ते. “तो खिशात शिवलेला असायचा, अस्तराखाली. तुम्ही भेटलात तर द्यायला. दर शनिवारी ते इथं बाहेर उभे राहायचे, काचेशी. खिशात हात घालून. तेव्हा अंगठा त्याच्यावर असायचा, काका. त्यानंच झिजला तो.”

काकांचं नख थांबलं. मग नखाच्या जागी अंगठा आला, अंगठ्याचा मऊ भाग, आणि तो त्या सपाट गालावर फिरायला लागला. बराच वेळ फिरत राहिला. बाहेरून कुणीतरी शीळ घालत गेलं. काकांचे ते पिकलेले डोळे काचेकडे लागले होते, जिथं आता त्यांना उजेडाशिवाय काही दिसत नसणार.

“मला दिसायचा तो,” ते म्हणाले. “तेव्हा डोळे चांगले होते. कोट दिसायचा. तुम्ही दोघं मागं लोंबकळलेली. मी मान खाली घालायचो आणि वाट बघायचो, आता येईल, आता येईल.” “मग मी म्हणायचो, बघा ह्याचा ताठा! सख्ख्या भावाच्या दाराशी उभा आहे, आणि हात काही खिशातून काढवत नाही.”